सिम्स धरून उभ्या असलेल्या सिस्टरचं खुलं पत्र

प्रति,
स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक, या विषयाच्या पाठ्यपुस्तकांचे लेखक-संपादक आणि वैद्यकीय अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. सरकारी रुग्णालयात 31 वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची 14 वर्षं गायनॅक ओपीडीची इन्चार्ज सिस्टर होते. तुमच्यापैकी कित्येकांनी शिकत असताना "सिस्टर, सिम्स द्या" म्हणत माझ्यापुढे हात केला आहे. सिम्स म्हणजे योनिमार्ग उघडा धरून आत बघायचं उपकरण, स्पेक्युलमचा एक प्रकार. दुसरा प्रकार कुस्कोचा, तो एकदा लावून स्क्रू फिरवला की आपला आपण राहतो. सिम्स राहत नाही. त्याची ती बदकाच्या चोचीसारखी पाती कुणीतरी धरून ठेवावी लागते, आणि ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा मीच असायचे. जानेवारीत ट्रेमधलं स्टील इतकं गार पडायचं की बाई टेबलावर दचकायची. म्हणून मी तो आधी कोमट सलाइनमधून काढून द्यायचे. हे कुणी शिकवलं नव्हतं.

या सिम्सपायीच हे पत्र लिहायची वेळ आली.

मी जिथे काम केलं तिथल्या विभागाच्या संग्रहालयात उपकरणांचे जुने फलक उतरवून नवे लावायचं ठरलं. एका मॅडमनी आठवणीने मलाही बोलावलं, कारण इतकी वर्षं ते ट्रे माझ्या ताब्यात. सिम्स स्पेक्युलमच्या फलकासाठी मी चार ओळी लिहून दिल्या : "हे उपकरण डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी 1845 ते 1849 या काळात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी इथे विकसित केलं. ज्या स्त्रियांच्या शरीरावर ते काम झालं त्यांपैकी तिघींची नावं आपल्याला माहीत आहेत : अनार्का, ल्युसी आणि बेट्सी. त्या गुलाम होत्या. शस्त्रक्रिया भूल न देता झाल्या."

आठवड्याने कागद परत आला. वर पेन्सिलीने शेरा होता : 'असंबद्ध. अमेरिकेचा इतिहास. वगळावे.'

बंद लिफाफ्यातून दिलेल्या कागदाचं असं झालं, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहिते आहे.

'असंबद्ध' या शब्दापासूनच सुरुवात करते. फिस्टुला म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, पण हे पत्र इतरही वाचतील. बाळंतपण अडून राहिलं, बाळाचं डोकं दिवस दिवस एकाच जागी दाबून बसलं की मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला पडदा सडतो, भोक पडतं. मग लघवी आवरता येत नाही, ती सतत झिरपत राहते. तांड्यावरून आलेली 19 वर्षांची एक मुलगी मला आठवते. चार दिवस अडली होती, बाळ गेलं, आणि नंतर दीड वर्ष ती खताच्या पोत्यातल्या प्लॅस्टिकवर झोपत होती. नवऱ्याने दुसरं लग्न केलं होतं. ओपीडीच्या रांगेतल्या बायकाही तिच्यापासून हातभर लांब सरकायच्या. तिचं ऑपरेशन झालं, नंतरचे दिवस माझे होते. फिस्टुलाच्या पेशंटचं सगळं नशीब कॅथेटरवर असतं. नळी तुंबली, मूत्राशय फुगलं, की टाके तुटले. रात्री तीन तीनदा उठून मी थेंब पडतोय का ते बघायचे. एकविसाव्या दिवशी नळी काढली. तासाभराने ती चालत आली आणि परकराचा काठ माझ्या हातात देऊन म्हणाली, "कोरडं हाय बघा."

तेव्हा हे ऑपरेशन किती मोलाचं आहे ते मला कुणी समजावू नये. ज्या पद्धतीने तिचा पडदा शिवला गेला तिचा रस्ता माँटगोमेरीतून येतो.

तिथे झालं ते असं. अनार्का साधारण सतरा वर्षांची होती, तीन दिवस अडली होती. सिम्स हा तिथला तरुण डॉक्टर. कथलाचा चमचा वाकवून त्याने आतला पडदा नीट दिसेल अशी युक्ती काढली आणि आसपासच्या मळ्यांवरून फिस्टुला झालेल्या गुलाम बायका गोळा केल्या. करार झाला तो मालकांशी : पोसायचा खर्च सिम्सचा, कपडे आणि कर मालकाचे. घराच्या मागच्या अंगणात त्याने छोटा दवाखाना बांधला होता, त्यात या बायका चार वर्षं राहिल्या. पहिलं ऑपरेशन ल्युसीचं. गुडघे आणि कोपरांवर ओणवं करून, बारा-एक डॉक्टर बघायला बोलावून, जवळजवळ तासभर. लघवी शोषायला त्याने आत स्पंज ठेवला, त्याने जंतुसंसर्ग झाला, ती मरता मरता वाचली आणि उठायला दोन-तीन महिने लागले. तिच्या वेदना पराकोटीच्या होत्या, असं तो स्वतःच आत्मचरित्रात लिहितो. अनार्कावर तर तीसेक ऑपरेशनं झाली, शेवटी 1849 मध्ये चांदीच्या तारेच्या टाक्यांनी जखम धरली.

बोस्टनमध्ये इथरची भूल जाहीरपणे देऊन दाखवली ती ऑक्टोबर 1846 मध्ये. म्हणजे ल्युसीच्या वेळी ती हाताशी नव्हतीच, हे प्रामाणिकपणे मान्य करते. पुढच्या तीन वर्षांचं काय? 1857 च्या एका व्याख्यानात सिम्स म्हणतो की ही शस्त्रक्रिया भुलीचा खटाटोप करण्याइतकी दुखत नाही. हे तो सगळ्याच बायकांबद्दल म्हणत होता, गोऱ्यासुद्धा. पण ल्युसीच्या किंकाळ्या ऐकलेला माणूस हे म्हणतो, तेव्हा मला ओपीडीतलं आपलंच वाक्य ऐकू येतं : "काही दुखत नाही हो बाई, कंबर सैल सोडा."

आता माझ्या अगदी जवळची गोष्ट. वर्षं उलटली, यश येईना, तसे सिम्सचे मदतनीस डॉक्टर कंटाळून निघून गेले. मग त्याने या बायकांनाच मदतनीस म्हणून तयार केलं. एकीचं ऑपरेशन चालू असताना दुसऱ्या मदतीला उभ्या राहायच्या. सिम्स धरून ठेवावा लागतो, हे मी वर सांगितलंच. मी 14 वर्षं ज्या जागी उभी होते त्या जागी माझ्याआधी त्या उभ्या होत्या, आणि पाळी आली की त्याच टेबलावर चढत होत्या. परिचारिकांना आम्ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलची शपथ देतो. तिने क्रिमियाच्या युद्धात केलेल्या कामाच्या आधी पाच वर्षं या बायका फिस्टुलाच्या पेशंटची शुश्रूषा करत होत्या. आमच्या नर्सिंगच्या पुस्तकातही त्यांचं नाव नाही, म्हणजे दोष एकट्या तुमचा नव्हे.

सिम्सच्या बाजूने बोलणारे शल्यचिकित्सक आहेत आणि त्यांचं म्हणणं मला सरळ उडवून लावता येत नाही. ते म्हणतात, या बायकांचे हाल इतके होते की त्यांना ऑपरेशन हवंच असणार. सिम्सही लिहितो की त्या स्वतः मागणी करत. असेल. प्लॅस्टिकवर झोपणारी मुलगी मी पाहिली आहे, लघवी थांबावी म्हणून बाई काय वाटेल ते सोसते. अडचण वेगळीच आहे. ल्युसी काय म्हणाली, अनार्का दहाव्या वेळेला काय म्हणाली आणि विसाव्या वेळेला काय म्हणाली, हे सांगणारा सिम्सखेरीज कुणी नाही. आणि नको म्हणाली असती तर? कायद्याने होकार द्यायचा तो मालकाने.

मालकाला होकार द्यायला कारणही होतं. व्हर्जिनियात 1662 मध्येच कायदा झाला होता की मूल आईच्या दर्जाचं : आई गुलाम तर लेकरू गुलाम, बाप कुणीही असो. 1808 पासून अमेरिकेत बाहेरून गुलाम आणायला बंदी आली. गुलामगिरीविरोधी लोकांचा तो मोठा विजय होता, पण मळेवाल्यांच्या हिशेबात त्यानंतर नवा गुलाम यायचा तो फक्त बाळंतपणातून. बाईच्या पिशवीची किंमत वाढली. फिस्टुला झालेली बाई ना शेतात चालत होती, ना पुढच्या बाळंतपणाला. तिची दुरुस्ती हा मालमत्तेचा प्रश्न होता. विभागाच्या फलकावर हे सगळं नको, चार ओळींत ते मावणारही नाही. पण 'असंबद्ध' म्हणणाऱ्याला निदान ठाऊक असावं.

गुलामगिरीविरोधी चळवळीबद्दल मी जे थोडंफार वाचलं, त्यात एक गोष्ट मला सारखी खटकत राहिली. ती चळवळ शरीर दाखवून उभी राहिली. 1787 मध्ये इंग्लंडात चिनी मातीची भांडी बनवणाऱ्या वेजवुडने साखळदंडातल्या, गुडघे टेकलेल्या माणसाचं पदक काढलं. पुढच्याच वर्षी गुलाम वाहून नेणाऱ्या 'ब्रुक्स' जहाजाचा नकाशा छापला गेला, त्यात माणसं पोत्यांसारखी थप्पीने आडवी काढलेली, कायद्याने परवानगी असलेली 454. अमेरिकेत 1863 मध्ये गॉर्डन नावाच्या पळून आलेल्या गुलामाच्या पाठीचा फोटो घरोघर पोचला, चाबकाचे वळ मुळांसारखे एकमेकांत गुंतलेले. या चित्रांनी मोठं काम केलं, ते कमी लेखत नाही. पण चित्रातली माणसं बोलत नाहीत.

आणि बाई बोलली तर? बर्म्युडात गुलाम म्हणून जन्मलेल्या मेरी प्रिन्सने 1831 मध्ये लंडनमध्ये स्वतःची कहाणी सांगितली, ती छापली गेली. लोकांचा विश्वास बसेना. मग संपादकाच्या पत्नीने तिची पाठ पाहून, वळ खरे आहेत असं पत्र लिहून दिलं, तेही पुस्तकाला जोडलं. 1858 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानात सोजर्नर ट्रुथ ही गुलामगिरीतून सुटलेली बाई भाषण करत होती. गुलामगिरीच्या पाठीराख्यांनी ओरडा केला, ही बाई नव्हेच, छाती दाखव. तिने भर सभेत दाखवली, आणि यात लाज तुमची, माझी नाही, असं सुनावलं. म्हणजे बाईचा शब्द पुरत नाही, अंग तपासून घ्यावं लागतं. सर, मॅडम, याला इतिहास म्हणताना मला अडखळायला होतं, कारण आपल्या ओपीडीत पांढरं जातंय सांगणाऱ्या बाईला आपण दोन वाक्यंसुद्धा पुरी बोलू देत नाही, "झोपा टेबलावर."

'अमेरिकेचा इतिहास' या शेऱ्याबद्दल आता. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये पुण्यात 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. तिकडे गुलामगिरी घटनेने बंद होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती. पुण्यातल्या माणसाला ती बातमी आपल्या घरची वाटली होती. दुसरं उदाहरण तर आपल्याच खात्याचं. आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या, त्याच्या उभारणीत क्वेकर या ख्रिस्ती पंथाची गुलामगिरीविरोधी मंडळी होती, आणि आनंदीबाईंच्या एकोणीस वर्षं आधी तिथूनच रिबेका कोल ही कृष्णवर्णीय बाई डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. आनंदीबाईंचा फोटो विभागाच्या भिंतीवर आहे. दर 8 मार्चला आपण त्याला हार घालतो.

त्या अमेरिकेने तरी पुढे काय केलं? न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कला लागून सिम्सचा पुतळा होता, तो लोकांनी आंदोलन केल्यावर एप्रिल 2018 मध्ये हलवला. माँटगोमेरीत 2021 मध्ये अनार्का, ल्युसी आणि बेट्सी यांची धातूची उंच शिल्पं उभी राहिली. भाचीने फोटो पाठवला होता, तो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे.

इथवर मृतांची बाजू मांडली. आता जिवंत बायकांबद्दल, कारण माझी मुख्य तक्रार तीच आहे.

शिकवताना टेबलाभोवती किती विद्यार्थी उभे करायचे याला आपल्याकडे मर्यादा नाही. मी सहा मोजलेत, एकदा अकरा. बाईला विचारलं जात नाही, सांगितलंही जात नाही. पडदा अर्धा उघडा, टॉर्च माझ्या एका हातात, सिम्स दुसऱ्या हातात, आणि एकामागून एक हातमोजे. एका बाईने पदर तोंडावर ओढून घेतला होता आणि शेवटचा मुलगा जाईपर्यंत काढला नाही. ल्युसीभोवती बारा होते. थिएटरमध्ये भूल दिल्यावर "तुम्हीही एकदा पीव्ही करून घ्या रे", म्हणजे बोटांनी आतली तपासणी, असं म्हणताना मी ऐकलं आहे. मी तेव्हा बोलले नाही. हे इथे कबूल करते, कारण दुसऱ्यांची तक्रार लिहायची आणि आपलं लपवायचं हे बरं नव्हे.

दुसरी तक्रार पिशवीची. आमच्या भागातून ऊसतोडीला जोडपी जातात. जोडप्याला तिकडे 'कोयता' म्हणतात, माणसांचं नावच हत्याराचं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेस्तोवर फड सोडता येत नाही, खाडा झाला की दंड. पाळीच्या दिवसांत खाडे होतात, अंगावरून जातं, इन्फेक्शन होतं, आणि कुणीतरी सांगतं, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. कॅन्सरची भीती घातली की बाई सही करतेच, म्हणजे अंगठा देते. 2019 मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. ऊसतोड म्हणजे अलाबामातली गुलामगिरी नव्हे. दोन्ही एका पारड्यात घालणं मला पटत नाही, इथल्या बाईला कुणी बाजारात विकत नाही. पण आगाऊ रकमेपायी काम सोडता न येणं याला आपला 1976 चा कायदाच वेठबिगारी म्हणतो. आणि ऑपरेशन बाईच्या दुखण्यासाठी की हंगाम बुडू नये म्हणून, हा प्रश्न माँटगोमेरीतही हाच होता.

तिशीतली एक बाई मी विसरत नाही. पिशवी काढून पाच वर्षं झालेली, कंबर धरून बसायची, अंगातून वाफा निघतात म्हणायची. विचारलं, का काढली? म्हणाली, "मला कुठं म्हाईत. मालकानं आन् डॉक्टरनं ठरवलं." मालक म्हणजे तिचा नवरा. आमच्याकडे बायका नवऱ्याला तसंच म्हणतात, त्यात वावगं काही नाही, पण तेव्हा मी कॅथेटरची किडनी ट्रे हातात घेऊन नुसती उभी राहिले.

2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं आहे की तपासणीला दिलेली संमती ही पिशवी काढायची संमती होत नाही, आणि शुद्धीवर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने तिच्या आईचा होकारही चालत नाही. हा निकाल विद्यार्थ्यांना पाठ असतो. वॉर्डात फॉर्म मात्र इंग्रजीत असतो आणि तो वाचून दाखवायला वेळ कुणाला?

माझं मागणं फार नाही.

सिम्सचं नाव बदला असं मी म्हणत नाही. "सिस्टर, सिम्स द्या" हे वाक्य एका आदेशाने जाणार नाही, आणि नाव पुसलं तर उरलंसुरलंही विसरलं जाईल. नावाखाली त्या तिघींची नावं घाला, फलकावरही आणि पाठ्यपुस्तकातही. तोंडी परीक्षेत सिम्सचे उपयोग विचारता, तिथेच आणखी एक प्रश्न विचारा : हा लावण्याआधी बाईला काय सांगाल, आणि ती नको म्हणाली तर काय कराल? नव्या अभ्यासक्रमात नीती आणि संवादाचे तास आहेतच, त्यांत अनार्काला अर्धा तास द्या.

शिकवण्यासाठी तपासणी करायची तर बाईला आधी, तिच्या भाषेत, कपडे काढायच्या आत विचारा. कितीजण असतील ते सांगा आणि तिने नकार दिल्यावर तिचा नंबर मागे टाकू नका. भूल दिलेल्या बाईवर शिकायचं असेल तर तिची वेगळी लेखी परवानगी घ्या.

पिशवी काढण्याचा फॉर्म मराठीत करा. तो सिस्टरने मोठ्याने वाचून दाखवावा, नवरा आणि मुकादम दाराबाहेर असावेत, आणि तातडी नसेल तर सही दुसऱ्या दिवशी घ्यावी. काढण्याचं कारण आणि आधी कोणते उपचार करून पाहिले ते त्यावर लिहावं. हे आम्हाला करायला लावा, आम्ही करू. आमच्याकडे वेळ नसतो हे खरं आहे, पण रात्री तीनदा नळी बघायलाही नसतो.

आणि माझा कागद परत घ्या. फलक अजून छपाईला गेलेला नाही, असं कळलं. आकार 12 बाय 18 इंच आहे. सिम्सच्या चित्राखाली डावीकडे जागा मोकळी आहे, मी पट्टी लावून मोजली. चार ओळी मावतात.

आपली नम्र,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर, गायनॅक ओपीडी

ता. क. : परत आलेल्या कागदाची झेरॉक्स सोबत आहे. पेन्सिलीचा शेरा खोडलेला नाही, कुणी लिहिला ते मी विचारलेलंही नाही.